फक्कीच्या हिशोबातला प्रशिक्षक

प्रति,
मा. कुलगुरू, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, यवतमाळ,
मा. उच्च शिक्षण संचालक, महाराष्ट्र राज्य,
आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे संस्थाचालक व प्राचार्य यांस,

विषय : महाविद्यालयीन खेळाडूंच्या प्रशिक्षकांचा पगार



काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघाला मी हंगामापुरता शिकवत होतो. हंगाम संपला, मानधन घ्यायला गेलो. लेखापालांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि रेव्हेन्यू तिकिटावर सही करायला सांगितलं. माझ्या नावाच्या वरच्या ओळीत होती मैदान आखायची पांढरी पूड : ‘फक्की, २ पोती’. खालच्या ओळीत, ‘दोरी व खुंट्या’. तिन्ही नोंदी एकाच शीर्षाखाली : किरकोळ खर्च.

मी त्या लेखापालांवर रागावलो नाही. माणूस सरळ होता. मला लिहायला त्यांच्याकडे दुसरं शीर्षच नव्हतं. पुढे बाकीच्या प्रशिक्षकांशी बोलत गेलो, तेव्हा कळलं की ही एका महाविद्यालयाची गोष्ट नाही. मैदान सपाट करायला शीर्ष आहे, भिंत बांधायला आहे, व्यायामशाळेचं लोखंड घ्यायलाही आहे. त्या मैदानावर पहाटे शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस मात्र फक्की आणि दोरीच्या मधल्या ओळीत बसतो. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

आपलं विद्यापीठ खेळात वरच्या पायरीवर जावं असं आपण सारेच बोलतो. ती पायरी किती उंच आहे हे आधी बघू. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालेलं हे विद्यापीठ अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम अशा पाच जिल्ह्यांचं. आमचा पोरगा आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतो. निवड झाली तर विद्यापीठाच्या संघात खेळण्याचा मान, म्हणजे ‘कलर’, मिळतो. मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, जिथे महाराष्ट्रासोबत गुजरात, राजस्थानची विद्यापीठं समोर येतात. कबड्डीसारख्या सांघिक खेळात तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात आणि देशातले पहिले आठ ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेला. म्हणजे उमरखेडच्या पोराला आठात यायचं तर तीन चाळण्यांतून जावं लागतं. त्यातली पहिलीच चाळणी अमरावतीला असली तर तिथपर्यंत त्याला दोनशे किलोमीटरच्या आसपास एसटीनं जावं लागतं.

या चढणीसाठी आपण काय देतो? स्पर्धेच्या तोंडावर काही दिवसांचं शिबिर, ट्रॅकसूट, प्रवासभत्ता आणि शिबिरापुरता एक प्रशिक्षक. शिबिराच्या पहिल्या आठवड्यात पाच जिल्ह्यांतून आलेली पोरं एकमेकांचा खेळ ओळखू लागतात. उजव्या कोपऱ्यातला गडी कधी उडी घेईल हे डाव्या कोपऱ्याला न बघता कळायला वर्ष जातं. समोरचा संघ ते वर्ष घालवून आलेला असतो.

आता आमच्याकडचं खरं वेळापत्रक सांगतो, जे कुठल्याच क्रीडा दिनदर्शिकेत छापलेलं नाही. महाविद्यालयीन स्पर्धांचा भर दिवाळीच्या आगेमागे येतो आणि यवतमाळात नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी असते. घाटंजी, राळेगाव, मारेगावच्या कित्येक खेळाडू मुली त्या दिवसांत सकाळी शेतात असतात. वेचणीला किलोमागे दर ठरलेला असतो आणि आठवड्याच्या बाजाराआधी पैसे हातात पडतात. सरावाला आल्यावर काहीच पडत नाही. मुलीला शेतातून मैदानावर आणायचं तर तिच्या बापाशी बोलणारा, शेवटच्या एसटीची वेळ पाहून सराव ठेवणारा, वेचणीच्या महिन्यात सरावाची आखणीच बदलणारा माणूस हवा. हे काम चार महिन्यांच्या मानधनात होत नाही. तो माणूस वर्षभर इथेच राहायला हवा.

आमच्या मैदानांवर माणसं नाहीत असा मात्र समज करून घेऊ नका. यवतमाळच्या पोस्टल मैदानावर किंवा नेहरू स्टेडियमवर पहाटे येऊन पाहा, पळणाऱ्यांची गर्दी दिसेल. ती गर्दी पोलीस भरतीची. शारीरिक चाचणीचे ५० गुण : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. खासगी भरती अकादम्या त्याची तयारी करून घेतात, पोरं फी भरतात आणि शिकवणाऱ्याचं घर चालतं. त्यात गैर काही नाही; वर्दी हे आमच्या जिल्ह्यात मोठं स्वप्न आहे. पण परिणाम पाहा. ज्याच्या फुप्फुसात पाच हजार, दहा हजार मीटर आहेत तो पोरगा सोळाशेवर थांबतो, कारण तिथपर्यंत शिकवणाऱ्यालाच पैसे मिळतात. चांगला प्रशिक्षकही त्याच हिशोबानं महाविद्यालयाचं मैदान सोडून भरतीच्या मैदानावर जातो. मी त्याला दोष देत नाही. मीही गेलो असतो.

“महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक असतातच की,” असं आपण म्हणाल. असतात, जिथे पद भरलेलं आहे तिथे. २०१८ मध्ये राज्य सरकारनं अनुदानित महाविद्यालयांतली ४,७३८ पदं भरायला परवानगी दिली. त्यात शारीरिक शिक्षण संचालकांची पदं होती १३९, आणि राज्यात अनुदानित महाविद्यालयं आहेत अकराशेच्या वर. शिवाय भरलेल्या पदावरचा माणूस प्रशिक्षक म्हणून नेमलेला नसतोच. प्रवेश, परीक्षा, नॅकच्या फायली, निवडणुकीचं काम हे सारं करून उरलेल्या वेळात त्यानं व्हॉलीबॉल, खोखो, कुस्ती, मैदानी खेळ सगळंच शिकवावं ही अपेक्षा. सातव्या वेतन आयोगात या पदाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, आणि ते रास्त आहे. त्याच मैदानावर त्याच्या शेजारी उभा असलेला खेळाचा प्रशिक्षक मात्र कुठल्याच वेतनश्रेणीत नाही. कारण तसं पदच नाही.

त्यात आता नवीन शैक्षणिक धोरण आलंय. अभ्यासक्रमातल्या सहअभ्यासक्रमांत खेळ आणि तंदुरुस्ती यांना क्रेडिट मिळू लागलं आहे. ज्या विषयाचे गुण गुणपत्रिकेवर चढतात त्याला शिकवणारा नाही, हे गणितात किंवा इंग्रजीत आपण चालवून घेतलं असतं का?

पैशाबद्दल बोलू, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. २०२२ मध्ये राज्यानं तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा एक कोटीवरून पाच कोटी केली. चांगलं केलं. आता माझा हिशोब ऐका. कबड्डी, खोखो, कुस्ती, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ आणि धनुर्विद्या असे सहा खेळ घेतले, प्रत्येकी एक प्रशिक्षक नेमला आणि महिना ३५,००० रुपये दिले, तर वर्षाचा खर्च येतो २५ लाख २० हजार. एका तालुका संकुलाच्या पाच कोटींत हे सहाजण एकोणीस वर्षांहून जास्त काळ शिकवतील. संकुल बांधू नका असं मी म्हणत नाही. पण संकुलाला रंग देताना त्यात शिकवणाऱ्याची नेमणूक धरलेली नसेल तर काही वर्षांत तिथे लग्नाचे मांडव पडतात, हे आपण सगळे पाहतो.

आपलं सरकार पैसा देतच नाही असंही नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलेल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला राज्यानं २ कोटी रुपये दिले, त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना २० लाख. दोघांचाही तो हक्कच होता. माझं म्हणणं एवढंच की हा पदक आल्यानंतरचा पैसा आहे. पदकाच्या दहा वर्षं आधी, जिल्ह्याच्या मैदानावर, नाव नसलेल्या पोराला हात धरून शिकवणाऱ्याला काय मिळतं? फक्कीच्या ओळीतलं मानधन.

नियमित पगार मिळालेला प्रशिक्षक काय करू शकतो हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. नाशिकला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे विजेंदर सिंग वर्षानुवर्षं एकाच मैदानावर राहिले. त्यांच्या हाताखालून सावरपाड्याची कविता राऊत घडली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य घेऊन आली. आमच्या झरी-जामणी आणि केळापूरच्या पाड्यांवर अशी कविता नाही असं कोण म्हणेल? नाशिकला होता तसा प्रशिक्षक तेवढा इथे नाही. आमच्या विदर्भाचंच उदाहरण घ्या. २०२३ साली बर्लिनला धनुर्विद्येत विश्वविजेता झालेला ओजस देवतळे नागपूरचा. तो घडला साताऱ्यात, प्रवीण सावंत यांच्या अकादमीत. पोरगा विदर्भाचा, प्रशिक्षक शेकडो किलोमीटरवर.

आणि आपल्या विद्यापीठाच्या दारातच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. अमरावतीत १९१४ मध्ये उभं राहिलेलं, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलेलं. व्यायाम शिकवणारा माणूस आधी घडवायचा, बाकीचं मग, हा विचार त्या मंडळानं शंभर वर्षं जपला. तिथे शारीरिक शिक्षण घेऊन आलेली पोरं आज यवतमाळात नोकरीविना फिरतात आणि शेजारच्या महाविद्यालयात प्रशिक्षक नाही. पाणी आणि तहान दोन्ही एकाच गल्लीत, फक्त दोर नाही.

जगात याचं एक टोक अमेरिकेत दिसतं. तिथे छोटं विद्यापीठ अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत जायचं म्हणालं तर अर्जाचंच शुल्क आता ५० लाख डॉलर आहे; २०२३ पर्यंत ते ५ हजार होतं. सोबत खेळाडूंच्या शिष्यवृत्त्यांवर दरवर्षी किमान ठरावीक खर्च करण्याची अट. तो बाजार आम्हाला नको. पण त्यामागची शिस्त घेण्यासारखी आहे : वर जायचं म्हणता ना, मग माणसांवर किती खर्च करणार ते आधी लिहून द्या.

वरच्या पायरीचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्यांदा झाल्या तेव्हा चंदीगडचं पंजाब विद्यापीठ पहिलं आलं, आणि दुसरं आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पुण्याला जे जमलं ते अमरावतीला जमणार नाही असं मानायचं कारण नाही. त्यासाठी वर्षभर शिकवणारी माणसं मात्र हवीत.

म्हणून आपणा सर्वांकडे मागणी थोडी आणि नेमकी आहे.

कुलगुरू महोदय, यवतमाळ, पुसद, वणी आणि दारव्हा अशी चार प्रशिक्षण केंद्रं ठरवा. केंद्रातली महाविद्यालयं मिळून खेळवार प्रशिक्षक नेमोत, पगार बारा महिन्यांचा असो आणि तो महिन्याच्या महिन्याला जमा होवो. क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाच्या अर्थसंकल्पात ‘प्रशिक्षक वेतन’ असं स्वतंत्र शीर्ष उघडा. शिबिराचा आहारभत्ता काही दिवसांत संपवण्यापेक्षा निवड झालेल्या खेळाडूंना हंगामभर द्या. वेचणीच्या दिवसांत मुलगी मैदानावर यायची तर तोच पैसा तिच्या घरी जाऊन बोलतो.

पालकमंत्री महोदय, जिल्हा नियोजन समितीत क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकासासाठी तरतूद होतेच. मंजूर होणाऱ्या प्रत्येक संकुलासोबत त्यात शिकवणाऱ्याचा खर्च कोण करणार, हे मंजुरीच्याच कागदावर लिहून घ्या. वणी परिसरातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणी, मुकुटबनचा सिमेंट कारखाना, लोहाऱ्याचे उद्योग यांच्याशी बोला. कंपनी कायद्यात सामाजिक दायित्वाच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट नमूद आहे. त्यांच्याकडून कमानी आणि फलक घेऊ नका, प्रशिक्षकांचा पगार घ्या.

संचालक महोदय, शारीरिक शिक्षण संचालकांची रिक्त पदं भरताना आमचा जिल्हा शेवटून मोजू नका.

आणि प्राचार्य, संस्थाचालक मंडळी, विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या क्रीडा शुल्काचा हिशोब दरवर्षी महाविद्यालयाच्या फलकावर लावा. किती जमा झालं, किती मैदानावर गेलं, किती शिकवणाऱ्याला मिळालं. ज्या पोरानं शुल्क भरलं त्याला हे वाचता आलं पाहिजे.

“हौसेनं, सेवा म्हणून शिकवावं,” असं सांगणारे बरेच भेटतात. मी बरीच वर्षं तसंच शिकवलं. सेवेवर संघ उभा राहतो, पण हंगाम संपला की तो मोडतो, आणि पुढच्या वर्षी नव्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. पायरी चढायची असेल तर दरवर्षी तळापासून निघून चालत नाही.

पुढचा हंगाम आता लांब नाही. लवकरच मैदानांवर फक्की पडेल आणि तिचं बिल मंजूर होईल, ते दरवर्षी होतंच. या वेळी ती पडायच्या आत प्रशिक्षकाच्या नेमणुकीचं पत्र निघू द्या.

आपला नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातला एक मानधनी प्रशिक्षक