बिबट्या वाचवायचाय? मग आधी काकूंची फाईल पास करा

डिसेंबर लागला की माझ्या फोनवर दोन तऱ्हेचे मेसेज येतात. एका ग्रुपवर भिगवणचे रोहित पक्षी, हरिश्चंद्रगडावरचे तंबू, कोकणकड्यावरचा सूर्यास्त. दुसऱ्या ग्रुपवर : रब्बीची ई-पीक पाहणी करून घ्या, शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल तर काढा, केवायसी राहिलेल्यांची यादी सोबत जोडली आहे, सोसायटीत आठ-अ आणून द्या.

मी दोन्ही ग्रुपांत आहे. दुर्बीण माझ्याकडेही आहे आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्सची पिशवीही. म्हणून हे लिहितोय. दोन्हीकडच्यांना राग येईल, येऊ द्या.

पहिल्या ग्रुपवाले म्हणतात, शेतकऱ्यांना वन्यजीवांचं काही पडलेलं नाही. दुसऱ्या ग्रुपवाले म्हणतात, बिबट्याचा एवढा पुळका असेल तर न्या तुमच्या फ्लॅटमध्ये. आणि मधल्या मध्ये बिबट्या आमच्या उसात आरामात राहतोय. गेल्या आठवड्यात गव्हाची पाहणी करायला बांधावर गेलो. ॲपमध्ये पीक भरलं, विहीर भरली, बांधावरची झाडं भरली. खाली बघतो तर पाटाच्या ओल्या मातीत ताजे ठसे. उसात कोण राहतं, याचा रकाना त्या ॲपमध्ये नाही!

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीवरच्या एका काकूंची गाभण शेळी बिबट्याने नेली. सकाळी वनरक्षक आला, पंचनामा केला, नीट बोलला. त्या पोराबद्दल तक्रार नाही. सरकारी नियमही वाईट नाही, बाजारभावाच्या ७५ टक्के भरपाई मिळते, वर मर्यादा आहे. पण आधारवर काकूंचं नाव एक आणि पासबुकावर त्याच नावापुढे 'बाई'. फाईल परत. नाव दुरुस्तीला बँकेत गेलो तर सर्व्हर डाऊन. मग प्रतिज्ञापत्र. मग किमतीच्या दाखल्यावर सही राहिली. माझे चार हेलपाटे झाले, काकूंचे चार रोज बुडाले. चौथ्या वेळी चहाच्या टपरीवर एकजण शांतपणे म्हणाला, "यापरीस फासकी स्वस्त पडती."

हे वाक्य मला झोपू देत नाही. कारण हिशोबाला ते बरोबर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, फासकी लावली तर तुरुंग आहे. पण तारेला पैसे किती लागतात? आणि शेळीचे पैसे कधी येतात? ज्या दिवशी दुसरं उत्तर "पंधरा दिवसांत" असं असेल, त्या दिवशी पहिला प्रश्न कुणी विचारणार नाही. परत आलेली प्रत्येक फाईल म्हणजे एक संभाव्य फासकी आहे. व्याघ्रदिनाच्या पोस्टरवर हे कुणी छापत नाही.

आता पुढाऱ्यांकडे वळू. "सगळे पकडा आणि जंगलात सोडा" या घोषणेला टाळ्या मिळतात. जुन्नर भागात २००१ पासून हेच झालं. बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अभ्यास प्रसिद्ध केला : माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. त्यांच्याच २०१३ च्या अभ्यासात अकोल्याच्या शेतशिवारात दर १०० चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे आढळले. जंगलात नाही, शेतात! एक उचलला की मोकळ्या जागेत दुसरा येतो. माणसावर चाल करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे, यात वाद नाही. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं त्यांना आकडे सांगायची माझी हिंमतही नाही. पण सरसकट पिंजरे लावणं म्हणजे दुखणं गुडघ्याला आणि मलम डोक्याला.

औषध कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. दिवसा लाईट द्या. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, आणि आजही आमच्याकडे थंडीत रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन माणूस उसाच्या कडेने मोटार चालू करायला जातो. तिकडे बिबट्या शिकारीला निघालेला असतो. दोघांची ड्युटी एकाच वेळी लावलीय कुणी? बिबट्याने नाही लावली.

दुसरं, माझा गट नंबर, आधार, पीक, फोटो सगळं सरकारकडे आधीच आहे. मग शेळी मेली की तीच कागदं पुन्हा कशाला मागता? २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मुदतीत सेवा द्या म्हणतो. ती मुदत काकूंच्या फाईलला लावा.

आणि माझ्या ट्रेकर, पक्षीमित्र दोस्तांनो, तुम्ही फिरा, जरूर फिरा. मीही येणार आहे. माझ्या मुलीला उजनीच्या पाण्यावर रोहित दाखवायचं दोन हिवाळे राहून गेलंय, दर वेळी कुठला तरी फॉर्म आडवा येतो. पण परतताना एका वस्तीवर दोन तास थांबा. लॅपटॉप उघडा, तिथल्या चार बायकांचे अर्ज भरून द्या, नावातल्या चुका शोधून द्या. बिबट्यासाठी यापेक्षा मोठं काम शहरात बसून होणार नाही.

काकूंचे पैसे अजून आलेले नाहीत. काल त्यांना विचारलं, बिबट्याचा राग येतो का? म्हणाल्या, "त्याला भूक लागली, त्यानं खाल्लं. तुमच्या सायबाला कशाची भूक लागलीय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कमेंटमध्ये लिहा. आणि पटलं असेल तर दोन्ही ग्रुपांवर टाका.