नव्या वस्तूंची पारख : खिशात मावणारा ‘व्हेप’

ह्या सदरात आजवर आम्ही स्वयंपाकाची भांडी, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे, वाचनाचे दिवे अशा घरोपयोगी वस्तूंचे गुणदोष वाचकांपुढे ठेवीत आलो आहो. आज जी वस्तू हाती घेतली आहे ती घरात नसावी असेच बहुतेक वाचक म्हणतील, आणि आमचे मतही त्याहून फारसे निराळे नाही. तथापि परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांपैकी काहींच्या खिशात ती जाऊन पोहोचली आहे. तेव्हा तिच्याविषयी आईबापांनी अज्ञानात राहणे इष्ट नव्हे.

प्रसंग असा घडला. आमचा भाचा इंग्लंडात लेस्टर येथे नोकरीस असतो. चौदा वर्षे तो सिगारेट ओढीत होता. गेल्या वर्षी त्याने ती सोडली आणि हे यंत्र धरले. पुण्यास आमच्या धाकट्या बहिणीला हे कळले तेव्हा तिने आम्हास एवढेच विचारले, “दादा, तो सुटला, की नुसता बदलला?” पुढे लेस्टरला आठ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा हा प्रश्न आम्ही बरोबर नेला होता. आम्ही स्वतः ते यंत्र ओढून पाहिले नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. ज्याने कधी धूम्रपान केले नाही त्याने ह्याच्या वाटेस जाऊ नये, असे ब्रिटनचे आरोग्यखातेही बजावते.

यंत्र दोन काडेपेट्या एकावर एक ठेवाव्या एवढे. खाली विजेचा घट, वर द्रव भरण्याची लहानशी पारदर्शक कुपी. तिला ‘पॉड’ म्हणतात. कुपीत कापसाने वेढलेली तारेची गुंडाळी, म्हणजे ‘कॉइल’, असते. ओढताच तार तापते आणि कापसात मुरलेल्या द्रवाचे सूक्ष्म तुषार होऊन ते तोंडात येतात. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, काही स्वाद आणि निकोटीन असते. तंबाखू येथे जळत नाही, म्हणून सिगारेटच्या धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड येथे नाहीत. हा ह्या वस्तूचा मुख्य गुण. परंतु कित्येकांची समजूत असते तशी ही निव्वळ पाण्याची वाफ नव्हे. ह्या साधनाचे आजचे रूप चिनी औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ साली सिद्ध केले.

ब्रिटनमधील कायद्याने कुपीत २ मिलीलिटरहून अधिक द्रव मावता कामा नये, आणि दर मिलीलिटरास निकोटीन २० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. एकदा वापरून फेकून द्यावयाची यंत्रे विकण्यास तेथे १ जून २०२५ पासून बंदी झाली. त्यामुळे पुन्हा भरता येणाऱ्या ह्या जातीस महत्त्व आले.

आता पारख. विजेचा घट एकदा भरला की भाच्यास दीड दिवस पुरे, आणि तासाभरात पुन्हा भरे. द्रव भरण्याचे छिद्र कुपीच्या कुशीस असून त्यावर रबरी बूच आहे. बूच नीट न बसल्यामुळे एकदा सदऱ्याच्या खिशास डाग पडला. नवी कॉइल बसविल्यावर कापूस भिजेपर्यंत दहा मिनिटे थांबावे लागते. घाई केल्यास कापूस करपून घशास झोंबणारी चव येते. कॉइल सुमारे पंधरवडाभर टिकते. खर्च सिगारेटच्या मानाने पुष्कळच कमी आहे. मात्र १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलीलिटर द्रवावर २ पौंड २० पेन्स कर बसविण्याचे तेथील सरकारने ठरविले आहे.

दोन गोष्टी मात्र आम्हास खटकल्या. सिगारेट एक ओढून संपते. हे यंत्र संपत नाही. एका सायंकाळी क्रिकेटचा सामना पाहताना भाच्याचा हात किती वेळा खिशाकडे गेला हे आम्ही मुकाट्याने मोजू लागलो, आणि साठानंतर मोजणे सोडून दिले. त्यास विचारले तर तो म्हणाला, “मामा, पंधरावीस वेळा असेल.” दुसरी गोष्ट अधिक गंभीर. त्याची तीन वर्षांची कन्या आमच्याच देखत मेजावर ठेवलेल्या कुपीकडे हात लांबवीत होती, कारण तीस आंब्याचा वास येत होता. द्रवाच्या बाटलीचे झाकण मुलांस सहज न उघडेल असे असते; भरलेल्या कुपीस ते संरक्षण पुरेसे नाही. दहा मिलीलिटरच्या तीव्र बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटीन असते, आणि लहान मुलाने ते गिळले तर जिवावर बेतू शकते. त्याच दिवशी सारे साहित्य कुलपाच्या कपाटात गेले.

आता भगिनीचा प्रश्न. सिगारेट सोडण्यास हे साधन निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्यांहून अधिक उपयोगी पडते, असा पुरावा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ८८६ जण होते. वर्षाअखेर व्हेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली आढळली. गोळ्या-पट्ट्या घेणाऱ्यांत हेच प्रमाण ९.९ टक्के होते. परंतु त्याच प्रयोगाची दुसरी बाजूही पाहावी. व्हेपच्या साह्याने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढीतच होते. गोळ्या-पट्ट्यांच्या गटात असे ९ टक्केच निघाले. दीर्घकाळ ओढल्याचे परिणाम काय होतील, हे कळण्याइतकी वर्षेही अद्याप लोटलेली नाहीत.

हिंदुस्थानात तर ह्याची आयात, विक्री व साठवण २०१९ च्या कायद्याने निषिद्ध आहे. पहिल्या विक्रीच्या वा आयातीच्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा सुटीस घरी येणाऱ्या मुलांनी हे सामान बरोबर आणू नये. येथे सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यास वैद्याचा सल्ला, निकोटीनची च्युइंगम आणि १८००-११-२३५६ ही सरकारी दूरध्वनी-सेवा उपलब्ध आहे.

आमचा निर्णय असा : जो सिगारेट ओढतो व अन्य उपायांनी थकला, त्यास जेथे कायदा अनुमती देतो तेथे ही कुबडी म्हणून चालेल. इतरांस, विशेषतः तरुणांस, ही सर्वथा त्याज्य. आणि कुबडी घेणाऱ्याने ती टाकण्याची तारीखही त्याच दिवशी ठरवावी.

भाच्याने निकोटीन वीसवरून दहावर आणले आहे. दिवाळीस तो तीन आठवडे पुण्यास येणार आहे, आणि यंत्र लेस्टरलाच राहील. भगिनीस आम्ही लिहिले, “अजून सुटला नाही, पण सुटण्याच्या वाटेवर आहे.” तिचे उत्तर आले, “येऊ दे. त्या तीन आठवड्यांत मी त्याला काही बोलणार नाही.” आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणात एवढे शहाणपणाचे वाक्य दुसरे नाही.