विचारलं म्हणून

आई-वडिलांनी काय शिकवलं, असा विषय दिवाळी अंकाला दिला की टपालात काय येणार हे संपादकाला पाठ असतं. वडील बाहेरून कडक आणि आतून मऊ. आई कष्टाळू, कधी न चिडणारी. शेवटच्या परिच्छेदात दोघांपैकी कुणाचं तरी एक सुविचारवजा वाक्य. यंदाही असे लेख आले आणि आम्ही ते आदराने परत केले. त्यांतल्या आया एकमेकींच्या जागी ठेवल्या असत्या तरी कुणाला पत्ता लागला नसता. ज्या लेखांतली आई खोटं बोलते, वडील उसने पैसे बुडवतात किंवा भावाशी वीस वर्षं अबोला धरतात, ते ठेवून घेतले.

या विषयाला मराठीत साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ओलांडून जाता येत नाही. पण नाव काढताच डोळे पुसायला घेणाऱ्यांनी ते पुस्तक अलीकडे उघडलेलं नसावं. त्यातली आई चांगली खमकी आहे. पोहायला जायला नको म्हणून लपून बसलेल्या श्यामला ती झोडपून काढते आणि पाण्याकडे पाठवते. शिवाय आमच्या मते पुस्तकातला सर्वांत बारीक धडा आईचा नाहीच. एकदा ती भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवायला बसतात आणि काही न बोलता भाजी खातात. ते बोलत नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. नंतर स्वतः जेवायला बसल्यावर तिला भाजी अळणी झाल्याचं कळतं. वडिलांनी तिथे प्रवचन दिलं नाही, नुसते जेवले.

ती आई 1917 साली गेली. पुस्तक लिहिलं गेलं 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. मधल्या सोळा वर्षांत साने गुरुजींचं एम. ए. झालं, अमळनेरला मास्तरकी झाली, वसतिगृहातली मुलं सांभाळून झाली, चळवळ आणि कारावास झाला. एवढं सगळं अंगावरून गेल्यावर मग त्यांनी ठरवलं की बालपणातलं काय सांगण्याजोगं होतं. पालगडच्या त्या घरात अळणी भाजीचा दिवस इतर दिवसांसारखाच मावळला असणार. त्याचा धडा केला तो मुलाने, आणि तोही किती उशिरा. आपण काय शिकवतो आहोत याची आई-बापांना फारशी कल्पना नसते असं आम्हाला वाटतं. ती निवड पुढे केव्हातरी पोरं करतात, आणि आपल्याला न विचारता करतात. उन्हाळी संस्कारवर्गाची फी भरणाऱ्यांना हे पटणार नाही, पण त्याला आमचा इलाज नाही.

मात्र निवड करायची तर समोर काही असावं लागतं, आणि ते विचारल्याशिवाय मिळत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं त्यामागे मुलाचा, देवदत्तांचा, आग्रह होता. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण नव्हतं, अक्षरओळख लग्नानंतर झालेली. तरी 1934 पासून भागाभागाने आलेलं ते पुस्तक आजही मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्याला चुकवता येत नाही. ‘आमचा बाप आन् आम्ही’ची जन्मकथाही अशीच. ओझरहून मुंबईला आलेले, बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेले दामोदर जाधव निवृत्तीनंतर स्वस्थ बसेनात. मुलाने, नरेंद्र जाधवांनी, त्यांना आठवणी लिहायला सांगितलं. पुरेसं शिक्षण नसलेल्या माणसाने वह्या भरल्या, त्यातून 1993 साली पुस्तक उभं राहिलं. दोन्ही ठिकाणी लेकराने विचारलं नसतं तर त्या आठवणी माणसांबरोबर गेल्या असत्या.

हा विचारण्याचा हंगाम घरोघर दिवाळीच्या आधी आठ दिवस येतो. परगावची, परदेशातली लेक फोन लावते. भाजणीला उडीद डाळ किती? आई म्हणते, अंदाजाने. मोहन किती? पीठ मुठीत धरून राहील इतकं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दाताला टणक लागते, आणि या दोहोंमधली जागा आईच्या मुठीत असते, तिच्या बोलण्यात नसते. 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापं दिली आणि सासरी गेलेल्या, नोकरीसाठी लांब राहिलेल्या कितीतरी मुलींची सोय केली. तरी पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून फोन आईलाच लागतो. भाजणीचं माप विचारता विचारता शेजारच्या काकूंचं काय झालं, बाबांची शुगर किती, आणि त्या वर्षी तू माहेरी का गेली नाहीस, इथपर्यंत गाडी येते. फोन त्यासाठीच केलेला असतो.

घेतलेलं सगळंच जसंच्या तसं पुढे जातं असंही नाही. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं आणि गावाचा बहिष्कार सोसला. त्यांच्या मुलाने, रघुनाथरावांनी, संततिनियमनाचा प्रचार मांडला, त्यापायी प्राध्यापकी गमावली आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक खटले अंगावर घेत चालवलं. वडिलांचं कार्य त्यांनी पुढे नेलं नाही. लोकांच्या नाकावर टिच्चून आपल्याला पटेल ते करायचं, एवढंच उचललं. दुसऱ्या बाजूला हुंड्याचा हिशेब, जातीची कुजबूज, ‘आपल्यात हे चालत नाही’चा सूर, हेही घरातूनच येतं. त्याचा वर्ग कुणी घेत नाही, तरी मुलं त्यात पहिल्या नंबराने पास होतात.

शिकवणं उलट्या दिशेनेही चालतं. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपुढच्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर-पाटी घेऊन दुपारी वर्गात बसतात. पोथी स्वतःला वाचता यावी ही त्यांची हौस. शिकवणारी गावचीच सून, आणि तिची सासूही वर्गात. घरी अभ्यास घ्यायला नातवंडं. आजीचा ‘अ’ चुकला की नातू रागावतो म्हणे. आपल्याकडे फोनवर पैसे पाठवायला शिकवताना मुलं आईवर जशी खेकसतात त्यापेक्षा हा राग बरा.

म्हणून यंदा आम्ही लेखकांना सांगितलं, आई-वडिलांवर लेख लिहू नका, त्यांना प्रश्न विचारा आणि मिळालेली उत्तरं लिहा. पहिला पगार कुठे गेला? कर्ज कुणाचं होतं? लग्नाला मनापासून होकार होता का? काही उत्तरं छापण्याजोगी नव्हती, ती त्या त्या घरी राहिली. मराठवाड्यातल्या एका लेखकाच्या वडिलांनी सगळे प्रश्न उडवून लावले आणि फक्त 1972 च्या दुष्काळावर बोलले. खडी फोडण्याचं काम, सुकडी, मिलोची लालसर भाकरी, आठवड्याची हजेरी. जो रस्ता तेव्हा त्यांनी केला त्यावरून मुलगा रोज मोटारसायकलने जातो, आणि वयाच्या चाळिशीत त्याला हे कळलं. त्याचा लेख अंकात पहिला आहे. भाषा जरा ओबडधोबड आहे, आम्ही हात लावलेला नाही.

सगळ्या प्रश्नांची यादी शेवटच्या पानावर दिली आहे. पाडव्याच्या जेवणानंतर वडिलांना विचारून पाहा. ते बहुधा टीव्हीचा आवाज वाढवतील. मग आईला विचारा, ती स्वतःचं सांगेलच, वडिलांचंही सांगेल.