चिठ्ठीवरची कोरी जागा वाया जात नाही

"डॉक्टर, एवढा मोठा कागद आणि औषधं चारच?" असं काही रुग्ण गमतीने विचारतात. मला भीती वाटते ती उलट प्रकारच्या चिठ्ठीची. आठ औषधं, पथ्य आणि पुढची तारीख, सगळं एका कोपऱ्यात कोंबलेलं.

चिठ्ठीवरची कोरी जागा हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे.

वाचताना आपली नजर सलग सरकत नाही, छोट्या छोट्या उड्या मारते. ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधावी लागते. ओळी एकमेकींना चिकटलेल्या असतील तर नजर चुकते आणि एका औषधाचा डोस दुसऱ्याचा समजला जातो. चाळिशी लागलेली असेल किंवा मोतीबिंदू असेल तर आणखी कठीण. त्यातून आपल्या लिपीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. दाटीवाटीने छापलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. म्हणून मराठी माहितीपत्रकात दोन ओळींमध्ये जरा जास्तच अंतर हवं.

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. इन्सुलिनच्या 4 या आकड्याला चिकटून युनिटसाठी इंग्रजी 'यू' लिहिला, तर तो शून्यासारखा दिसतो आणि 4 चे 40 होऊ शकतात! रक्तातली साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा आणि आकड्यापासून अंतर सोडून लिहावा.

दुसरं उदाहरण मेथोट्रेक्सेटचं. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, जिवावरही बेतू शकतं. 'आठवड्यातून एकदा' या शब्दांना स्वतंत्र ओळ मिळालीच पाहिजे.

औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने 2016 साली केला. अक्षराचं झालं, पण अंतराचं भान आम्हा डॉक्टरांना अजून यायचं आहे. आमच्या पदव्या, पत्ता आणि वेळा यांनीच कितीतरी कागद अडवलेला असतो!

तुम्ही काय करू शकता?

चिठ्ठी हातात आली की दवाखान्यातच वाचून दाखवा. कोणती गोळी, किती, कधी आणि किती दिवस, हे विचारा.

घरी कोऱ्या कागदावर एका ओळीत एकच औषध लिहा आणि मध्ये एक ओळ सोडा. घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तो कागद मूळ चिठ्ठीशी ताडून घ्या. शंका आली तर अंदाजाने गोळी घेऊ नका, फोन करा.

आणि चिठ्ठीवर जागा पुरत नसेल तर डॉक्टरांकडे दुसरा कागद मागा. त्यात संकोच कसला?