आवणी कुणी केली?

वांगणी म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे बदलापूरच्या पुढचे, कर्जत मार्गावरचे स्टेशन उभे राहते. यंदाच्या आषाढात मी "वांगणीला जाऊन येतो" म्हणालो, तेव्हा आमच्या मंडळींनीही लगेच बजावले, "अहो, अंधार पडायच्या आत निघा. संध्याकाळच्या लोकलला मुंगी शिरायला जागा नसते." मी म्हणत होतो ती वांगणी निराळी. ती पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात. तिथे लोकल नाही की एक्स्प्रेस नाही. विक्रमगड ओलांडून घाट चढायचा आणि पावसाच्या मर्जीने पोचायचे.

निमित्त भाचीचे होते. ती पुण्याच्या एका कंपनीत संगणकाचे काम करते. चार दिवसांची रजा काढून ती आमच्याकडे आली ती चेहरा पाडूनच. तिची एक मैत्रीण जव्हारकडे शिक्षिका आहे. "मामा, तिच्याकडे जाऊन येऊ. चार दिवस मला पडद्याचे तोंड पाहायचे नाही," ती म्हणाली. मामा निवृत्त, म्हणजे कायमचा रिकामा. निघालो.

भाचीचे काम नेमके काय, हे मला आजवर कळले नव्हते. वाटेत तिने ते समजावून सांगितले. काही सॉफ्टवेअर अशी असतात की त्यांची सारी घडण उघडी ठेवलेली असते. कुणीही ती पाहावी, वापरावी, चूक आढळली तर दुरुस्ती सुचवावी. यातले सर्वांत मोठे नाव लिनक्सचे. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते आरंभले. आज आपल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच बसलेले आहे. लिनक्स फाउंडेशनच्या 2017 सालच्या अहवालाप्रमाणे 2005 पासून सुमारे 15,600 माणसांनी आणि 1,400 हून अधिक कंपन्यांनी त्याला हात लावला होता. अशाच एका लहानशा उघड्या कामाचा एक कोपरा सांभाळायचा, याचा पगार भाचीला तिची कंपनी देते.

"मग बिघडले कुठे?" मी विचारले.

"वर्षअखेरीस यंत्राने मोजणी केली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या नावावर 140 दुरुस्त्या निघाल्या. माझ्या नावावर 11."

"आणि वर्षभर तू करत काय होतीस?" मी मामाच्या अधिकाराने दरडावले.

"त्या 140 तपासत होते!"

यावर मला काही बोलता आले नाही. तिची पगारवाढ अर्थातच अडली होती. पण तिने घेतलेला निश्चय मला जास्त टोचला. "आता ठरवले आहे, मामा. कुणाचे तपासायचे नाही, नवख्यांच्या शंका निरसायच्या नाहीत. इथला स्वल्पविराम तिथे, झाली एक दुरुस्ती. तिथला इथे, झाल्या दोन. पुढच्या वर्षी 200 करून दाखवते."

वांगणीला पोचलो तेव्हा भाताची आवणी ऐन भरात होती. मैत्रिणीच्या शेजारच्या घरचे शेत होते आणि अर्धी वाडी तिथे उतरली होती. आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. आमच्याकडे देशावर याला सावड म्हणतात. खालच्या अंगाला दोघे बैल धरून चिखल करत होते. एक पोरगा बांधाची फुटलेली कड चिखलाने लिंपत होता. दहा-बारा बाया कमरेत वाकून ओळीने रोपे लावत मागे सरत होत्या. वरच्या राबात एक आजी एकटीच बसून रोपे उपटत होती, मुळांचा चिखल झटकत होती, मुठी बांधत होती आणि पिवळी पडलेली रोपे बाजूला टाकत होती.

मला भाचीचे आकडे डोक्यात होते. मी शहाणपणाने विचारले, "आजी, तुम्ही किती लावलीत?"

"मी कशाला लावू?" आजी म्हणाली. "मी नाही लावीत."

म्हणजे यंत्राच्या हिशेबी शून्य. पाऊस जरा थांबला तशी आजी चहा प्यायला उठली. दहा मिनिटे गेली असतील नसतील, खाचरातल्या हातांतल्या मुठी संपल्या आणि अख्खी ओळ कंबर धरून उभी राहिली. सगळ्यांचे तोंड राबाकडे. भाची ते पाहत होती. मी तिच्याकडे पाहिले नाही.

दुपारी नागलीची भाकर आणि उडदाची आमटी खाताना मी घरच्या बाईंना म्हटले, "तुम्हाला बरे, कुणाचा हिशेब ठेवायला नको." त्या हसल्या. हिशेब होता! कुठल्या घरून किती माणसे आली, कुणाचे किती दिवस फेडायचे, सारे त्यांच्या तोंडावर होते. "आणि आजीचा?" "आजीचा दिवस पुरा," त्या म्हणाल्या. मोजणी तिथेही होती; फक्त ती रोपांची नव्हती, आलेल्या माणसाच्या दिवसाची होती. बैल धरणारा, बांध लिंपणारा, मुठी बांधणारी, सगळ्यांचा दिवस सारखा.

परत आल्यावर हे प्रकरण मला सोडीना. भाचीकडून कागद मागवले, थोडे स्वतः वाचले. वाचून समाधान हे झाले, की या मोजणीने मोठमोठ्या शहाण्यांनाही घाम फोडला आहे.

लिनक्सची प्रत्येक नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते. ती कुणी घडवली, याची कोष्टके 'एलडब्ल्यूएन' नावाचे एक पत्र 2007 पासून छापत आले आहे. गंमत अशी की ती एकाच मापाने करून भागत नाही. दुरुस्त्यांची संख्या मोजली तर एक नाव वर येते. बदललेल्या ओळी मोजल्या तर भलतेच. ओळींचे तर विचारूच नका. एएमडी कंपनीच्या चित्र दाखवणाऱ्या चिपांसाठी लिनक्समध्ये जे लिखाण आहे, त्यात लाखो ओळी यंत्राने आपोआप काढलेल्या याद्या आहेत. ओळींवर बिदागी द्यायची तर ती त्या यंत्राला द्यावी लागेल. उलट एखादा जाणता माणूस आठवडाभर डोके खाजवून एका ओळीची चूक काढतो, तेव्हा त्याच्या पदरी पडते ती एकच ओळ.

बरे, माप जाहीर केले की माणसे मापालाच लागतात. 2014 पासून दर ऑक्टोबरात एक उपक्रम चालतो. तेव्हाची रीत अशी होती, की या उघड्या कामांत चार दुरुस्त्या पाठवल्या की एक बनियन, म्हणजे आजच्या मुलांच्या भाषेत टी-शर्ट, बक्षीस मिळे. हेतू सोन्यासारखा होता. 2020 साली मात्र बनियनासाठी झुंबड उडाली. कुणी माहितीच्या पानावर 'अप्रतिम' एवढा एक शब्द घालावा, कुणी एक मोकळी जागा वाढवावी. हे सारे तपासून परत पाठवता पाठवता सांभाळणाऱ्यांचे प्राण कंठाशी आले. यात आपल्या देशातले विद्यार्थीही पुष्कळ होते, हे कबूल केले पाहिजे. शेवटी आयोजकांना पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला. ज्यांची संमती असेल त्यांच्याकडेच दुरुस्त्या पाठवायच्या, असे ठरले. भाची जो निश्चय करून बसली होती, त्याचे हे जागतिक रूप.

विकिपीडियाचीही अशीच कथा. तिचे संस्थापक जिमी वेल्स सांगत, की निम्म्याहून अधिक संपादने अवघ्या 0.7 टक्के सदस्यांची, म्हणजे 524 माणसांची आहेत. मूठभरांनीच लिहिले, असा त्याचा अर्थ. 2006 साली एरन स्वार्ट्झ या तरुणाने संपादने मोजायचे सोडून लेखात शेवटी टिकलेली अक्षरे मोजून पाहिली. चित्र पालटले. मूळ मजकूर बहुधा येऊन-जाऊन असणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या माणसांनी घातलेला, आणि ते 524 त्यावर हात फिरवून नीटनेटके करणारे. दोन्ही मोजण्या खऱ्या. प्रश्न निराळे होते. एकीने विचारले, हात किती वेळा लागला. दुसरीने विचारले, धान्य कुणाचे.

आपल्या मराठीचेच पाहा. 'वाऱ्यावर' या शब्दातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र पडद्यावर नीट उमटावा, मराठी ल आणि श यांचे वळण हिंदीचे होऊ नये, यासाठी कुणीतरी कुठेतरी "हे चुकते आहे" असे कळवावे लागते. 'लोहित' हा अक्षरसंच रेड हॅट कंपनीने 2004 साली खुला केला. असल्या कामात चूक दाखवणाऱ्याची स्वतःची एक ओळही नसते. पण त्याने दाखवली नसती तर कुणी सुधारली असती?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग मोजूच नका. गावासारखे मनात ठेवा. मलाही परतीच्या वाटेवर तसेच वाटले होते. परंतु त्याच मुलखाची दुसरी आठवण झाली. वारली लग्नघरात भिंतीवर देवचौक काढायचा तो सुवासिनींनी, तांदळाच्या पिठाने. पिढ्यानुपिढ्या हेच चालले. 1970 नंतरच्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली, शहरांत गेली, परदेशी गेली. डहाणूकडल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर झाले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठा कलावंत, त्यांचा मान त्यांचाच. पण ज्या बायांच्या बोटांनी ती रेघ जिवंत ठेवली, त्यांची नावे आज कुणी सांगू शकेल? भिंतीवर सही नव्हती आणि कुठल्या वहीत नोंद नव्हती. गाव लहान असते तोवर आजीचा दिवस बाईंच्या ध्यानात राहतो. काम जगभर पसरले की ध्यान पुरत नाही, वही लागते.

लिनक्सवाल्यांना हे उमगलेले दिसते. तिथे दुरुस्तीच्या खाली सह्यांच्या ओळी असतात. 2004 पासून पाठवणाऱ्याने आणि ती पुढे सरकवणाऱ्याने सही करायची. शिवाय चूक कुणी दाखवली, कुणी चालवून पाहिले, कुणी तपासले, त्यांचीही नावे. त्या कोष्टकांत या नावांच्या निराळ्या याद्या असतात. म्हणजे राबातल्या आजीलाही तिथे एक ओळ आहे.

हे मी भाचीला कळवले. ती हसून म्हणाली, "मामा, हे मला ठाऊकच होते. पण आमच्याकडची ती ओळ यंत्र वाचत नाही." नंतर तिने एक कागद तयार केला. वर्षभरात कुणाकुणाचे काम तपासले, कोणत्या चुका बाहेर जाण्याआधी धरल्या, किती नवख्यांची पहिली दुरुस्ती तिच्या हाताखालून गेली. वरिष्ठांनी तो ठेवून घेतला आणि "विचार करू" म्हणाले. अजून करताहेत. पगार होता तेवढाच आहे. पण स्वल्पविरामाचा निश्चय तिने सोडला. दुसऱ्यांचे काम ती अजून तपासते आहे.

आता दिवाळी. दुकानादुकानांतून वह्यांची पूजा होईल. आमच्या घरी परवा चकल्या झाल्या. सोऱ्या माझ्या हाती होता. मोजून 84 चकल्या मी पाडल्या आणि तो आकडा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो. तिसऱ्या पाहुण्यापाशी आतून आवाज आला, "अहो, आणि भाजणी कुणी केली?"

त्या दिवसापासून आकडा सांगताना मी दोन नावे सांगतो.