ड्रायव्हरचे हसणे आणि ड्रायव्हरची झोप

‘डॉक्टरसाहेब, यांना तो मोबाईल बंद करायला सांगा,’ ही तक्रार ट्रक ड्रायव्हरांच्या घरची मंडळी हल्ली वरचेवर करतात. पित्त झाले, डोके दुखले, डोळे चुरचुरले, की सगळे खापर मोबाईलवर फुटते. ड्रायव्हर आपल्या जिल्ह्याला परके नाहीत. ज्या महामार्गाला आपण अजून ‘सहा नंबर’ म्हणतो आणि ज्याचा क्रमांक आता ५३ झाला आहे, तो मलकापूर, नांदुरा, खामगाव असा आपल्या दारावरून जातो. तिकडे सिंदखेड राजा, मेहकरच्या बाजूने समृद्धी गेला आहे.

हे ड्रायव्हर मोबाईलवर पाहतात तरी काय? बहुतेक जण विनोदी कार्यक्रम पाहतात. कोणी ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’चे जुने भाग लावतो, तर कोणी ‘चला हवा येऊ द्या’मधले भारत गणेशपुरे यांचे वऱ्हाडी बोलणे पुन्हा पुन्हा ऐकतो. आठ-आठ दिवस घर न पाहिलेल्या माणसाच्या कानावर परमुलखात आपली बोली पडते, हे काही थोडे नाही. त्याच्याकडून हे हसू काढून घ्यावे असे मला वाटत नाही.

हसण्याचा शरीराला उपयोग होतो. पोट धरून हसताना श्वास खोल जातो, आखडलेले स्नायू सैल पडतात आणि मनावरचा ताण उतरतो. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, आणि ती कल्पना पुढे अनेक देशांत गेली. विलायतेत ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या चमूने प्रयोगात पाहिले, की मनसोक्त हसल्यावर माणूस वेदना थोडी जास्त सोसू शकतो. दिवसभर स्टिअरिंग धरून पाठ-कंबर धरलेल्या माणसाला एवढा आराम फुकट मिळत असेल, तर तो अवश्य घ्यावा.

मात्र हसण्याने झोपेची उणीव भरून निघत नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवून दिले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात १०० मिलिलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतके मंद चालतात. आपल्या कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबभरही न घेतलेला, पण पहाटे पाचला उठून रात्री दहाला गाडी हाणणारा माणूस एका अर्थी प्यालेलाच असतो, आणि त्याला पकडणारे यंत्र पोलिसांकडे नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली, तर सुमारे ९० मीटर गाडीला चालकच नसतो.

काही जण सांगतात, ‘झोप येऊ नये म्हणून चालू गाडीतच समोर मोबाईल लावतो.’ हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. नजर रस्त्यावरून हटते आणि झोप काही हटत नाही. चहा, तंबाखू, खिडकीतले वारे यांचीही तीच गत आहे. पापण्या जड झाल्या, की गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन वीस-तीस मिनिटे झोपणे एवढाच खरा उपाय आहे, आणि तोही तात्पुरता. पुढे पुरी झोप घ्यावीच लागते.

आता माझा मुख्य मुद्दा. ड्रायव्हरचा मोकळा वेळ हा खरोखर मोकळा असतो का? कापसाच्या हंगामात जिनिंगबाहेरची रांग आठवा. तासातासाने ‘गाडी पुढे घे’ अशी हाक येते, मग झोपणार कसा? उन्हाळ्यात तर पत्र्याची केबिन भट्टीसारखी तापते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट आहे, पण रस्त्यावर जुन्या गाड्याही पुष्कळ आहेत. अशा वेळी तो विनोदी कार्यक्रम पाहत पडला, तर बरोबरच करतो. पण संध्याकाळी माल खाली झाला, की मालकाचा फोन येतो, ‘दिवसभर तर मोबाईल पाहत लोळत होतास, आता रातोरात नागपूर गाठ.’ हा हिशेब चुकीचा आहे. ताटकळणे म्हणजे विश्रांती नव्हे आणि हसणे म्हणजे झोप नव्हे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे ठरवून दिले होते. ते आठ तास आपण सर्वांनी मिळून धाब्यावर बसवले आहेत.

तेव्हा ड्रायव्हरबंधूंनो, गाडी उभी असताना खुशाल हसा. पण झोपायची वेळ झाली, की एक भाग पाहून मोबाईल लांब ठेवा, कारण एकामागून एक भाग आपोआप सुरू होत राहतात आणि झोपेचे दोन तास कधी गेले ते कळत नाही. चोवीस तासांत सात तास झोप मिळालीच पाहिजे, असा आग्रह धरा. झोपेत फार घोरत असाल आणि दिवसा सारखी पेंग येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, तो एक आजार असू शकतो.

आणि मालकांनो, गाडी काढायला सांगण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘शेवटचा झोपलास कधी?’ उत्तर समाधानकारक नसेल, तर गाडी सकाळी निघू द्या. मालाला झालेला उशीर भरून काढता येतो, गेलेला माणूस परत आणता येत नाही.