डावी बाजू

मुंबई सिटी या फुटबॉल संघाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ विंगर कोण, हा वाद सटाण्यात निघावा याचे कोणास नवल वाटेल. परंतु आमच्या ओसरीवर गेल्या रविवारी तो निघाला, तिन्हीसांजेपासून पाने वाढेपर्यंत चालला, आणि माझ्या पुतण्याने आपली बाजू इतक्या तळमळीने मांडली की तिला उत्तर देण्यासाठी या आठवड्याची जागा खर्ची घालणे मला अगत्याचे वाटते.

त्याची सारी कैफियत लालियानझुआला छांगटे याच्या वतीने होती. "काका, फातोर्ड्याची ती सहा मिनिटं विसरलात का?" हा त्याचा पहिला सवाल. ती विसरणे शक्य नाही. २४ एप्रिल २०२४ च्या रात्री, इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, एफसी गोवा दोन गोलांनी पुढे असताना व घड्याळाचा काटा नव्वदीला टेकलेला असताना छांगटेने एक गोल केला, पाठोपाठ विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली, आणि भरपाईच्या वेळेतील सहाव्या मिनिटास छांगटेनेच पुन्हा चेंडू जाळ्यात धाडून गमावलेला सामना ३-२ असा पदरात पाडला. दुसरा पुरावा २०२२-२३ च्या मोसमाचा: दहा गोल स्वतःचे, सहा गोलांना चेंडू पुरविलेला, स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि संघाच्या खाती ४६ गुण. उजव्या कडेने धावत येऊन अकस्मात आत वळणारा व डाव्या पायाने फटका हाणणारा हा मिझोरमचा तरुण खेळाडू म्हणून माझ्या पसंतीच्या बिपिन सिंहाहून सरस आहे, हे मी प्रारंभीच मान्य करतो. माझे म्हणणे निराळे आहे: वाद खेळाडूच्या श्रेष्ठत्वाचा नसून एका संघाच्या इतिहासाचा आहे, आणि त्या इतिहासात डाव्या कडेच्या मणिपुरी बिपिनचा हक्क मोठा आहे.

मुंबई सिटीची स्थापना २०१४ सालची. तिच्या दप्तरी इंडियन सुपर लीगचे दोन चषक आहेत व साखळीत अव्वल राहिल्याबद्दलच्या दोन ढाली आहेत. बिपिन २०१८ मध्ये आला. चारही वेळी तो संघात होता. छांगटे आला जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे पहिला चषक व पहिली ढाल घरात आल्यानंतर. ही पहिली जोडी ज्या मोसमात मिळाली, त्यात ओडिशाचा ६-१ असा पाडाव झाला तेव्हा सहांपैकी तीन गोल बिपिनचे होते. पुढे १३ मार्च २०२१ चा अंतिम सामना आला. महामारीमुळे फातोर्ड्याच्या मैदानावर प्रेक्षक नव्हते. सगळ्या आसनांवर शुकशुकाट. एटीके मोहन बागानशी १-१ अशी बरोबरी असता, नव्वदाव्या मिनिटास, पुढे टाकलेल्या लांब चेंडूवर मुंबईचा ऑग्बेचे धावला, बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य जागा सोडून पुढे आला आणि फसला. ऑग्बेचेने स्वतः मोह न धरता चेंडू बिपिनकडे सारला, आणि बिपिनने तो एकवार पायाशी स्थिर करून जाळ्यात घातला. एवढ्या घाईच्या क्षणी तो एक जादा स्पर्श करण्याइतके मन ज्याचे ठिकाणावर राहिले, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

"पण गोलांची बेरीज?" पुतण्याने विचारले. बेरजेने विंगर मापता येत नाही, असे माझे जुने मत आहे. १९५३ साली वेम्बलीवर ब्लॅकपूलने १-३ अशा पिछाडीवरून बोल्टनला ४-३ ने हरविले. त्यांतील तीन गोल मॉर्टेन्सनचे, शेवटचा पेरीचा, आणि तरी तो सामना अडतीस वर्षांच्या स्टॅन्ली मॅथ्यूजच्या नावाने ओळखला जातो, ज्याने एकही गोल केला नव्हता. आपल्या गावातला दाखला तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. सटाण्याच्या कचेरीत मामलेदार किती आले नि किती गेले, त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. परंतु १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना रयतेस खुला करणारे यशवंतराव मात्र देवमामलेदार झाले आणि आरमकाठी त्यांचे मंदिर उभे राहिले. गावाची स्मृती सेवेचा काळ मोजत बसत नाही; नड कोणत्या घडीला भागली तेवढेच ती धरून ठेवते, आणि संघाची स्मृतीही मला तशीच वाटते.

पुतण्याचा अखेरचा मुद्दा खरोखर बिनतोड होता: छांगटेची ती सहा मिनिटे नसती तर २०२४ चा अंतिम सामना मुंबईच्या वाट्यालाच आला नसता. याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याला एवढेच सांगितले की तो ४ मेचा सामना पुन्हा एकदा लावून पाहा. कोलकात्याचे सॉल्ट लेक मैदान, समोर पुन्हा मोहन बागान, आणि पूर्वी सारी डावी कड ज्याची होती तो बिपिन सुरुवातीच्या अकरा जणांत नाही. त्याची जागा दुसऱ्याकडे गेलेली. पूर्वार्ध संपता संपता बागानने गोल केला, उत्तरार्धात परेरा डियाझने तो फेडला, आणि बिपिनला राखीव खेळाडूंतून आत धाडण्यात आले. ८१ व्या मिनिटास मुंबईचा दुसरा गोल झाला, तो त्याचा. पुढे तिसराही होऊन चषक ३-१ ने आला. दोन अंतिम सामने जिंकले, दोहोंतही त्याचा गोल, आणि दोन्ही वेळा तोच संघाला आघाडी देणारा. २०२५ मध्ये तो ईस्ट बंगालकडे गेला. आता मुंबईचा सामना लागला की छांगटे उजवीकडून सुटतो तेव्हा पुतण्या उठून उभा राहतो, आणि माझी नजर मात्र अजून डाव्या कडेला जाते.